लहानग्यांच्या हातचा पाव

चार-पाच वर्षांच्या मुलांना हाताशी घेऊन घरी पाव करणे हा रिकामटेकड्या शहरी पालकांचा चोचला आहे, असे मत हल्ली ठासून मांडले जाते. मांडणारे गृहस्थ सुशिक्षित आहेत आणि त्यांना मुलांची कळकळही आहे. म्हणूनच ते मत सोडून देता येत नाही. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे: पाव आपला नव्हे, मैदा पोटाला वाईट, भट्टीपाशी मूल नेणे धोक्याचे. तीन तास पसारा घालून शेवटी हाती येते ती कोपऱ्यावरच्या बेकरीत मिळणारी वस्तू. शिकवायचेच तर पोळी शिकवा.

मैद्याचे उत्तर सोपे आहे. निम्मी कणीक घालावी; कोंड्यामुळे पाव जरा कमी फुगेल, इतकेच. भट्टीचेही तसेच: तापलेले भांडे मोठ्यांनीच हाताळायचे. खरी खबरदारी आक्षेपकांच्या ध्यानातच आलेली नाही. कच्चे पीठ मुलांना चाखू देऊ नये. 2016 मध्ये अमेरिकेत पिठातल्या ई. कोलाय जंतूंमुळे बरेच जण आजारी पडले होते.

पण ‘पाव आपला नव्हे’ हे विधान दोन ओळींत उडवून लावण्याजोगे नाही. पाव पोर्तुगीजांबरोबर आला आणि शब्दही त्यांचाच, हे खरे. पोर्तुगीजांनी गोवा घेतला 1510 मध्ये. पुढे काय झाले? यीस्ट मिळेना, तेव्हा गोव्याच्या भट्ट्यांमध्ये पीठ फुगवायला माडाची सूर वापरली गेली. म्हणजे तो पाव इथल्याच माडाच्या रसावर फुगला. आजही तिथे पदेर, म्हणजे पाववाला, सायकलचा भोंगा वाजवत दारी येतो आणि लोक उंडे, पोळी, कातरे पाव, कांकणे मागून घेतात. कोंडा लावलेला तो ‘पोळी’ नावाचा गव्हाचा पाव परका ठरवायचा असेल, तर एकादशीच्या ताटाचे काय करणार? खिचडीतला साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो कंद, शेंगदाणा, मिरची आणि बटाटा, चारही मूळचे अमेरिका खंडातले. ‘बटाटा’ हा शब्दही पोर्तुगीजांकडूनच आला. उपासाला जे चालते, ते मुलाच्या शिक्षणाला का चालू नये? आणि पीठ आंबवून फुगवणे आपल्याला कधी परके होते? आंबोळी, जिलेबी, इडली यांची पिठे रात्रभर तेच तर करतात.

हा वाद जुना आहे. पाव-बिस्किटांनी माणूस बाटतो, असे मानणाऱ्या पिढ्या इथे होऊन गेल्या. विहिरीत पाव टाकून गाव बाटवल्याच्या कथा कोकण-गोव्यात सांगितल्या जात. पुण्यात 1890 साली एका मिशनमध्ये चहा-बिस्किटे घेतल्याच्या कारणावरून प्रतिष्ठितांवर ग्रामण्य झाले आणि प्रायश्चित्तावरून वर्षानुवर्षे भांडणे चालली. त्या वेळचे धर्माचे कारण गेले, आता संस्कृतीचे आणि आरोग्याचे पुढे केले जाते. मिसळीबरोबर मात्र पाव सर्वांना लागतो.

तीन तासांचा हिशेबही चुकीचा आहे. हाताचे काम जेमतेम अर्ध्या तासाचे. बाकीचा वेळ पीठ स्वतः फुगत असते, तेवढ्यात मूल खेळून येते. पोळीशी तर पावाचे वैरच नाही. पोळ्या लाटताना शेजारी बसलेल्या नातवंडाला आजी कणकेचा गोळा देते आणि त्याची चिमणी होते. पाव ही त्याच गोळ्याची पुढची पायरी आहे.

ती पायरी अशी: अर्धा किलो पीठ, सुमारे 300 मिलिलिटर कोमट पाणी, चमचाभर मीठ, दीड चमचा कोरडे यीस्ट. मळलेल्या पिठाचा एक गोळा काचेच्या बरणीत ठेवावा आणि त्याच्या उंचीवर रबर बांधावे. तसाच दुसरा गोळा दुसऱ्या बरणीत घालून ती फ्रिजमध्ये ठेवावी. तासाभराने पहिल्या बरणीतले पीठ रबराच्या बरेच वर गेलेले असते, दुसऱ्यातले जवळजवळ तिथेच. यीस्ट साखर खाते आणि वायू सोडते, उबेत भराभर आणि थंडीत सावकाश, हे मुलाला सांगावे लागत नाही; ते दोन्ही बरण्या हातात घेऊन स्वतःच विचारते. पाणी उकळते असेल तर यीस्ट मरते आणि पीठ बसूनच राहते. तेही एकदा दाखवावे. बेकरीतून आणलेल्या लादीत हे काहीच दिसत नाही. शिवाय घरच्या पावात काय पडले, ते मुलाला मोजून सांगता येते. बेकरीच्या पिठात मिसळले जाणारे पोटॅशियम ब्रोमेट भारतात 2016 पर्यंत बंद नव्हते, हे पालकांनी लक्षात ठेवावे.

ओव्हन नसला तरी अडत नाही. कुकरच्या तळाशी मिठाचा थर द्यावा, शिट्टी आणि रिंग काढावी, आत जाळी ठेवून त्यावर पावाचा डबा ठेवावा. येत्या रविवारी सकाळी हे करून पाहावे, आणि पहिला गोळा मुलाला वळू द्यावा, तो वाकडा झाला तरी.