ऐकणाऱ्यांची साक्ष

संगीताचा इतिहास लिहावयाचा तो गाणाऱ्यांचा. ऐकणाऱ्यांनी माना डोलवाव्या आणि घरी जावे, असा एक समज आपल्याकडे फार दृढ झाला आहे. शास्त्रकार रागाचे वादी-संवादी सांगतो, चरित्रकार जन्ममृत्यूची साले देतो, सरकार पुरस्काराची नोंद करते. आणि ज्याने मांडवाच्या खांबाला टेकून रात्रभर ते गाणे अंगात मुरविले, त्या म्हाताऱ्याला कोणी काही विचारीत नाही. विचारलेच तर ‘आजोबा, तुम्हांला जुने सगळेच गोड वाटते’ असे म्हणून त्याची बोळवण होते. आम्हांस हा समज सर्वस्वी खोटा वाटतो. आणि पेडणे व डिचोली या दोन महालांत तर तो घातक ठरला आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

घातक का, ते सांगतो. हे दोन्ही महाल नव्या काबिजादींतले. डिचोली १७८१ साली आणि पेडणे १७८८ साली पोर्तुगीजांकडे गेले. तोवर देवळे पाडण्याचा तो जुना आवेश ओसरला होता. म्हणून येथील देवळे आपल्या जागी राहिली, त्यांचे उत्सव राहिले, पालखीपुढची सेवा राहिली. देऊळ हेच येथले नाट्यगृह आणि देऊळ हीच येथली संगीतशाळा. परंतु या शाळेत कागदाला स्थान नव्हते. दशावतारी नाटक संहितेवाचून उभे राहिले, आरती तोंडातून तोंडात गेली, बैठकीतले गाणे बैठकीतच विरले. जे उरले ते कानांत उरले. कोंकणीत आठवणीला ‘उगडास’ म्हणतात; हा शब्द आमच्या कानाला उघडण्याच्या अगदी जवळचा लागतो. तो कान मिटला म्हणजे दप्तरच जळाले, असे समजावे.

आता विलायतेतले एक उदाहरण देतो. या मासिकात ते वाचून काहींच्या कपाळी आठ्या पडतील, पडोत. हॅम्पशर परगण्यात अँडोव्हर नावाचे एक लहान शहर आहे. तेथे १९६४ साली ‘द ट्रॉग्ज’ नावाचा चौघा तरुणांचा एक वाद्यवृंद निघाला. त्यांचा गायक रेग प्रेस्ली हा व्यवसायाने गवंडी. दोन-तीन स्वरसंघांची खडबडीत गाणी, कर्कश तंतुवाद्ये आणि ठोकळ ताल. मोटारी ठेवण्याच्या पडवीत सराव करणाऱ्या हौशी पोरांच्या अशा संगीताला पुढे ‘गॅरेज रॉक’ असे नाव पडले, आणि या मंडळींना त्या पंथाच्या आद्यांत गणतात. १९६६ साली त्यांचे ‘वाइल्ड थिंग’ अमेरिकेत अग्रस्थानी गेले. याच प्रेस्लीने रचलेले दुसरे एक गाणे १९९४ साली एका निराळ्या वृंदाने गाइले; ते ब्रिटनमध्ये पंधरा आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिले, आणि त्यातून आलेला पैसा या गवंड्याने गव्हाच्या शेतांत उमटणाऱ्या गूढ वर्तुळांच्या शोधात घातला! २०१३ साली तो वारला. संगीत म्हणून या गाण्यांची योग्यता काय, हा वाद येथे करावयाचा नाही. आमच्या कानाला ती रुचत नाहीत, हेही लपवावयाचे नाही. परंतु अशा वृंदांचे चाहते काय करतात ते पाहा. तिकिटाचा अर्धा तुकडा ते साठ वर्षे जपतात. कोणत्या दिवाणखान्यात, कोणत्या रात्री, कोणते गाणे आधी झाले, यावरून आपसांत भांडतात, आणि त्या भांडणातून एक इतिहास तयार होतो. गवंड्याच्या तीन सुरांना इतके साक्षीदार मिळावेत आणि आमच्या तीन सप्तकांना एकही मिळू नये, ही गोष्ट आम्हांस लाजिरवाणी वाटते.

मालप्याचेच पाहा. मुंबईहून येणारा राजमार्ग पेडण्यात शिरला की थोड्याच अवधीत मालपे लागते. तेथून वाहनांची रीघ अहोरात्र जात असते. त्या वाहनांत बसलेल्यांपैकी, किंबहुना त्या रस्त्याच्या कडेला राहणाऱ्यांपैकी, अंजनीबाई मालपेकर हे नाव किती जणांस ठाऊक आहे? या बाई १८८३ साली जन्मल्या. आजी गुजाबाई आणि आई नबूबाई यांच्यापासून घरात गाणे. भेंडीबाजार घराण्याचे उस्ताद नजीर खाँ यांच्यापाशी त्या लहानपणी शिकू लागल्या, आणि एका श्वासात आलापाची लांबच लांब माळ ओवणारी ती गायकी त्यांनी अशी आत्मसात केली की विसाव्या शतकाच्या आरंभी मुंबईच्या मैफलींत त्यांच्या नावाचा दबदबा होता. राजा रविवर्म्याच्या काही चित्रांना त्यांच्या रूपाने प्रेरणा दिली, असे सांगतात. आणि खेदाची गोष्ट ही की, ज्यांना त्यांचे नाव माहीत असते त्यांनाही बहुधा एवढेच माहीत असते. चेहरा उरला, गळा गेला. १९२३ च्या सुमारास ऐन भरात त्यांनी जाहीर मैफली सोडल्या आणि पुढे विद्यादान केले. कुमार गंधर्वांसारखा बंडखोर आणि किशोरी आमोणकरांसारखी मानी गायिका त्यांच्यापाशी शिकण्यास बसली, यावरून त्यांच्यापाशी काय होते याची अटकळ करावी. १९५८ साली संगीत नाटक अकादमीचे सदस्यत्व, म्हणजे त्या संस्थेचा सर्वोच्च मान, त्यांना लाभला; तो मिळविणाऱ्या त्या पहिल्या स्त्री. दिल्लीने त्यांस हा मान दिला तेव्हा त्यांचे मालपे अद्याप परकीय सत्तेखाली होते. १९७४ साली त्या निवर्तल्या.

त्यांची जाहीर मैफल ऐकलेला मनुष्य आज हयात असणे शक्य नाही. ही साक्ष आपण कायमची गमावली आहे. ज्यांनी ती मैफल ऐकली ते १९५० पर्यंत, १९६० पर्यंत आपल्या ओसऱ्यांवर सुपारी कातरीत बसले होते, आणि त्यांच्यापाशी वही घेऊन कोणी बसले नाही. मुंबईत ऐकलेल्या गाण्याच्या गोष्टी घेऊन पेडण्यास परतणारा चाकरमानी त्या काळी दुर्मिळ नव्हता. त्याला विचारावयास हवे होते.

का विचारले नाही? येथे आम्ही वाचकांस थोडे दुखविणार आहोत. या गायिकांपैकी बहुतेकजणी ज्या समाजातून आल्या तो देवळाच्या सेवेशी बांधलेला होता. त्या बांधणीतील अन्याय राजाराम पैंगीणकरांसारख्या पुरुषांनी वेशीवर टांगला. त्यांचे ‘मी कोण?’ हे आत्मचरित्र ज्याने वाचले नसेल त्याने गोमंतकाच्या देवळांविषयी बोलण्याची घाई करू नये. गोमंतक मराठा समाजाने शिक्षणाच्या व स्वाभिमानाच्या बळावर ते जोखड झुगारून दिले. हे सर्वस्वी योग्य झाले आणि त्यातले काही परत यावे असे कोणाही शहाण्या मनुष्यास वाटणार नाही. त्या समाजातील एखाद्या कुटुंबास जुन्या आठवणी उकरून काढणे नको वाटत असेल, तर त्या मौनापुढे आम्ही मान लववितो. त्या आठवणींबरोबर अपमानही येतो.

परंतु दुसरेही एक मौन आहे. ज्यांच्या आजोबा-पणजोबांनी बैठकीत पुढची जागा अडविली, तबकात पान ठेवले, दाद दिली आणि पहाटे भैरवी ऐकून घरी जाऊन सोवळे नेसले, त्यांच्या नातवांचे मौन. ‘तो विषय आता कशाला?’ असे म्हणावयाचा अधिकार त्यांना कोणी दिला? ज्या सभामंडपात ही विद्या पोसली गेली त्याच्या जीर्णोद्धाराच्या पाटीवर देणगीदारांची नावे संगमरवरात कोरली जातात. त्याच मंडपात पिढ्यानपिढ्या गाणाऱ्यांचे नाव शाईनेदेखील लिहिलेले आढळू नये, हा सोयीस्कर विसर आहे. या विसराला सोवळ्याचे नाव देऊ नये.

कोणी म्हणतील, ध्वनिमुद्रिका आहेत, त्या ऐका. म्हाताऱ्यांच्या गप्पांचे काय काम? केसरबाई केरकरांचे उदाहरण याला पुरेसे उत्तर आहे. उस्ताद अल्लादिया खाँ यांच्या या शिष्येला ध्वनिमुद्रणाचे वावडे होते, हे प्रसिद्धच आहे. १९७७ च्या ऑगस्ट-सप्टेंबरात व्हॉयेजर ही दोन याने अंतराळात गेली, त्यांतल्या सुवर्णतबकडीवर त्यांची ‘जात कहाँ हो’ ही भैरवी आहे. दुसरे यान सुटले ५ सप्टेंबरला, आणि १६ सप्टेंबरला बाई गेल्या. ही हकीकत सांगताना आपली छाती फुगते. फुगो. पण ती भैरवी साडेतीन मिनिटांची आहे! ज्यांनी बाईंचा एकेक राग समोर बसून ऐकला त्यांना विचारा, त्या साडेतीन मिनिटांत त्यातले किती मावले. आकाशाला मिळाला तो एक घोट. घागर ज्यांनी पाहिली ते ऐकणारे होते. फोंडा महालातील केरीने निदान एक विद्यालय बाईंच्या नावाने उभे केले, कला अकादमीने त्यांच्या स्मृतीचा समारोह चालू ठेवला. मालप्याने, मांद्र्याने, साखळीने, मयेने आपल्या गायकवादकांचा हिशेब कधी केला आहे काय? गोपाळकृष्ण भोब्यांनी ‘कलात्म गोमंतक’ लिहिले म्हणून पुष्कळ नावे वाचली. एकट्या मनुष्याने तरी किती वाचवावे?

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. आठवण वाढत जाते. ‘बाईंचा षड्ज नदीपलीकडे ऐकू येत असे’ असे सांगणारा बहुधा नदीपलीकडे उभा नव्हता. हे आम्हांस मान्य आहे. चाहत्याच्या स्मृतीला आणखीही खोडी असतात: ती गाणारीला लक्षात ठेवते आणि तिच्यामागे बसलेल्या सारंगियाला विसरते, दाद सांगते आणि बिदागीचा आकडा गिळते. म्हणूनच एकाची आठवण पुरत नाही, दहांची लागते. दहा जण एकाच उत्सवाविषयी निरनिराळे सांगू लागले की त्यांच्या विसंगतीतून सत्याची बाजू पुढे येते. न्यायासनापुढे साक्षीदार खोटे बोलतात म्हणून कोणी साक्षी घेणे बंद केले नाही. उलटतपासणी करण्याची रीत काढली.

शिवाय काही गोष्टी अशा आहेत की त्यांना जुन्या कानावाचून दुसरा पुरावाच नाही. आपले घुमट घ्या. हे मातीचे भांडे. त्याच्या रुंद तोंडावर कातडे ताणून बसवावयाचे आणि अरुंद तोंड डाव्या हाताने उघडझाप करून आतला वारा खेळवावयाचा. डिचोलीच्या कुंभारांचा हात त्याला लागत आला आहे. चवथीच्या दिवसांत घुमट, शामेळ आणि कासाळे यांच्या संगतीने आरतीची जी लय चढते, ती ऐकून ज्याच्या अंगावर काटा येत नाही त्याच्याशी आम्ही वाद घालीत नाही. पूर्वी या वाद्यावर घोरपडीचे कातडे चढवीत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने घोरपडीस संरक्षण मिळाले, आणि ते मिळावयासच हवे होते. आता बकऱ्याचे कातडे लावतात. २०१९ साली गोवा सरकारने घुमटाला वारसा वाद्य म्हणून मान्यता दिली. आता प्रश्न असा: दोन्ही कातड्यांच्या नादात फरक काय? कोणत्या बोलाला जुने कातडे अधिक उत्तर देई? पावसाळी हवेत कोणते लवकर ढिले पडे, आणि विस्तवावर किती वेळ धरल्यावर पुन्हा बोले? हे यंत्राने सांगता येणार नाही, कारण जुने वाद्य आता करावयाचे नाही. हे सांगू शकतील फक्त ते लोक, ज्यांनी तरुणपणी एक वाजविले-ऐकले आणि उतारवयात दुसरे. अशी माणसे आज सत्तरीच्या पुढची आहेत. नादाचा मोल्ड, म्हणजे साचा, त्यांच्या कानांत आहे. आणखी वीस वर्षांनी नवीन पोरे घुमटाचा नाद म्हणजे हाच, असे मानतील, आणि त्यांना खोडून काढणारा कोणी नसेल.

येथे कुर्डीची गोष्ट आठवते. मोगूबाई कुर्डीकरांचे हे गाव साळावली धरणाच्या पाण्याखाली गेले. दर उन्हाळ्यात पाणी ओसरले की घरांची जोती आणि वाटा उघड्या पडतात, आणि पांगलेले गावकरी तेथे जमून आपल्या देवाचा उत्सव करतात. हे अमक्याचे अंगण, ही तमक्याची विहीर, असे पोरांना दाखवितात. बुडालेल्या गावाला आपली ओळख सांभाळता येते. न बुडालेल्या गावांनी कोणते कारण सांगावे?

आमचे मागणे फार मोठे नाही. देवस्थानांनी स्मारके बांधू नयेत. सिमेंट पुष्कळ झाले. १९३३ च्या नियमावलीपासून महाजनांच्या कारभाराला लेखी शिस्त आली, आणि पुष्कळ देवस्थानांत त्याहूनही जुनी दप्तरे आहेत. त्यांतल्या जमाखर्चात ‘गायन’, ‘वाजप’, ‘काला’ या खात्यांवर कोणास काय दिले ते लिहिलेले असावयाचे. त्या वह्या वाळवीच्या आधी मनुष्याच्या हाती पडाव्यात. एकीकडे ही वही आणि दुसरीकडे म्हाताऱ्याची आठवण, अशी दोन्ही समोर ठेवली की उलटतपासणी आपोआप होईल. उत्सवातल्या ध्वनिक्षेपकांपैकी दोन कमी केले तर या कामाचा खर्च निघेल, आणि शेजाऱ्यांचे आशीर्वाद वरकड मिळतील. लिहून घेताना मराठीत सांगितले ते मराठीत आणि कोंकणीत सांगितले ते कोंकणीतच ठेवावे. सुधारून लिहिण्याचा मोह टाळावा. स्त्रियांना आवर्जून विचारावे. पुरुष पुढे बसत, पण ओवरीतून आणि माडीच्या गजांआडून ऐकणाऱ्यांनी कमी ऐकलेले नाही, आणि त्यांच्यापाशी अद्याप कोणीच गेलेले नाही.

कोजागिरीला पेडण्याची पुनव भरते. रवळनाथ-भूतनाथांच्या दर्शनाला आसपासचे सारे गाव लोटते, माहेरवाशिणी येतात, मुंबईकर येतात. त्या रात्री मंदिराच्या पायरीवर एक मेज, एक वही आणि ध्वनिमुद्रण करणारा एक मुलगा एवढे बसवावे. पहिल्याने मालप्याहून आलेल्या सर्वांत वृद्ध माणसास बोलवावे, आणि त्याच्या वडिलांनी कोणाचे गाणे ऐकले होते, ते विचारावे.