लहान प्लॉटलाही सवलत हवी
अकोल्याचं पाणी महानच्या काटेपूर्णा धरणातून येतं, अमरावतीचं सिंभोऱ्याच्या अप्पर वर्धातून. दर्यापूर-अकोटच्या खारपाणपट्ट्यात बोअर मारलं तरी पाणी खारटच. तिथं छपरावरून वाहून जाणारा पाऊस म्हणजे हातचं गोडं पाणी गमावणं. राज्याच्या २०२०च्या एकत्रित विकास नियमावलीनं ५०० चौरस मीटर व त्यापुढच्या भूखंडांवरील नव्या बांधकामांना पाऊसपाणी संकलन सक्तीचं केलं, हरित मानांकनाच्या इमारतींना वाढीव चटईक्षेत्रही दिलं. पण आमचा शिक्षक, कारकून घर बांधतो ते दीड हजार फुटांच्या प्लॉटवर. जादा चटईक्षेत्र त्याच्या काय कामाचं? त्याचा टाकी, गाळणी, पाइपांचा खर्च निघाला पाहिजे. पुणे महापालिका पाऊसपाणी साठवणाऱ्या घरांना मिळकतकरात सूट देते. आमच्या अकोला-अमरावती दोन्ही महापालिकांनी अशा लहान घरांना भरघोस करसवलत द्यावी, आणि दरवर्षी मृगाआधी येऊन टाकी तपासावी.