किल्ल्यांचा जुडगा कोणाच्या कमरेला?

दिवाळी जवळ आली की मध्यमवर्गीय घरात दोन याद्या होतात. एक फराळाच्या जिन्नसांची आणि दुसरी घरात आणावयाच्या नव्या वस्तूंची. पहिल्या यादीत फारसा फरक पडलेला नाही. चकलीला भाजणी लागते आणि करंजीला सारण, ते तसेच आहे. दुसरी यादी मात्र पार बदलून गेली आहे. टीव्ही इंटरनेटला जोडलेला हवा, दाराचे कुलूप बोटाच्या ठशाने उघडणारे हवे, दिवा फोनवरून लागणारा हवा. वस्तू चांगल्या आहेत, आणि त्यांची कुचेष्टा करण्याचा आमचा मुळीच विचार नाही. पाट्यावरवंट्याच्या आठवणीने ज्यांचा गळा दाटून येतो, त्यांनी आठ दिवस पाट्यावर चटणी वाटावी आणि मग मिक्सरला नावे ठेवावीत, असे आमचे स्पष्ट मत आहे.

परंतु या नव्या वस्तूंबरोबर आणखी एक चीज घरात येते, जिची नोंद बिलावर नसते. ती म्हणजे किल्ली. पूर्वी घरच्या बाईच्या कमरेला किल्ल्यांचा जुडगा असे. कोठीची, कपाटाची, ट्रंकेची. तो डोळ्यांना दिसे, त्याचा आवाज कानांना येई आणि वेळ पडल्यास तो सुनेच्या हाती देता येई. आजच्या किल्ल्या दिसत नाहीत. एक मोबाइलचा नंबर, एक ईमेल, एक पासवर्ड आणि दोन-चार मिनिटे टिकणारा ओटीपी, अशी त्यांची रूपे. आणि पुष्कळ घरांत या साऱ्या किल्ल्या एकाच माणसाच्या खिशात असतात.

हा माणूस बहुधा घरातील कर्ता पुरुष, नाहीतर थोरला मुलगा असतो. त्याचा हेतू वाईट नसतो. दुकानात त्याने आपला नंबर सांगितला, घरी वस्तू जोडताना आपलाच फोन पुढे केला आणि आईला म्हणाला, "तुला कशाला कटकट? मी बघतो ना." वाक्य मायेचेच आहे, पण त्याची किंमत पुढे कळते. आईवडील पुण्यात, मुलगा बंगळूरला आणि ओटीपीही बंगळूरला! आजोबांना सामना पाहायचा असतो, पण टीव्हीने पुन्हा पासवर्ड मागितलेला असतो, आणि तो जाणणारा नातू शाळेतून यायला दोन तास अवकाश असतो. पैशाची ओढाताण माणूस सोसतो; परंतु आपल्याच घरात दर गोष्टीसाठी दुसऱ्याच्या सवडीची वाट पाहावी लागली, की मन खट्टू होते. यंदाच्या सदरात म्हणूनच नव्या वस्तूंची जंत्री देण्याऐवजी त्यांच्या किल्ल्यांचा विचार करू.

दुकानात विचारायचे तीन प्रश्न

पहिला प्रश्न: फोन हाताशी नसला तरी ही वस्तू चालते का? धुलाईयंत्राला, पंख्याला, वातानुकूलन यंत्राला साधे बटण किंवा रिमोट आहे ना, हे पाहून घ्यावे. फोनवरून लागणाऱ्या दिव्याची तर गंमतच आहे. घरातील कोणी सवयीने भिंतीवरचे बटण बंद केले, की दिव्याला वीजच मिळत नाही आणि फोनवर कितीही टिचक्या मारल्या तरी तो लागत नाही. दिव्याची हुशारी घरातील प्रत्येकाला समजावून सांगितली नाही, तर ती वाया जाते.

दुसरा प्रश्न: यात एकाहून अधिक माणसांची नावे घालता येतात का? बोटाच्या ठशाच्या कुलपात घरातील सर्वांचे ठसे पहिल्याच दिवशी नोंदवावेत. म्हातारपणी किंवा वर्षानुवर्षे भांडी घासून बोटांवरच्या रेषा झिजतात आणि यंत्राला ठसा ओळखता येत नाही. तेव्हा आकड्यांची खूण किंवा कार्ड चालणारे कुलूप घ्यावे. आजीचा ठसा उमटत नाही हा आजीचा दोष नव्हे.

तिसरा प्रश्न: वीज, सेल किंवा इंटरनेट गेले तर काय? बहुतेक अशी कुलुपे सेलवर चालतात आणि सेल संपत आले की आधी सूचना देतात. पुष्कळ कुलपांना बाहेरून तात्पुरती वीज देण्याची सोय असते आणि शिवाय एक साधी धातूची किल्लीही असते. ती घरातल्या कपाटात ठेवण्यात अर्थ नाही, हे उघड आहे. विश्वासाच्या शेजाऱ्यांकडे किंवा जवळच्या नातेवाइकांकडे ठेवावी. इंटरनेटच्या राउटरला लहानसा बॅटरीचा जोड मिळतो. तो असला की वीज गेल्यावरही काही वेळ काम चालते. राउटरचे मूळ नाव व पासवर्ड बहुधा त्याच्या पोटावरील चिठ्ठीवर छापलेला असतो. घरात बदलून घेतला असेल, तर नवा पासवर्ड तेथेच लिहून चिकटवावा. पाहुण्यांचीही सोय होते.

घरबसल्या होणारी कामे

आता संकेतस्थळांकडे वळू. निवृत्तिवेतन घेणाऱ्यांना दर वर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो आणि बहुतेकांची ती वेळ नोव्हेंबरात येते. त्यासाठी बँकेच्या रांगेत उभे राहिलेच पाहिजे असे नाही. 'जीवन प्रमाण' ही सोय २०१४ च्या नोव्हेंबरात सुरू झाली, आणि २०२१ पासून फोनच्या कॅमेऱ्यासमोर चेहरा दाखवूनही दाखला देता येतो. वीजबिलाचे काम त्याहून सोपे. महावितरणच्या बिलावर बारा आकडी ग्राहक क्रमांक असतो. तो जवळ असला की घरातील कोणालाही बिल भरता येते.

मोबाइलवरून पैसे देण्याची यूपीआय पद्धत २०१६ साली आली. पण घरातील ज्या व्यक्तीचे खाते त्याला जोडलेले नाही, तिने भाजी घ्यायची ती नोटा मोजूनच. याला तोड म्हणून २०२४ साली 'यूपीआय सर्कल' आले. खातेदार आपल्या विश्वासातल्या माणसाला स्वतःच्या खात्यातून, ठरवून दिलेल्या मर्यादेत, पैसे देण्याची मुभा देऊ शकतो. अशी पाच माणसे जोडता येतात. पूर्ण मुभा दिली तर महिन्याला १५,००० रुपयांपर्यंत आणि एका वेळी ५,००० रुपयांपर्यंत खर्च ज्याचा त्याला करता येतो. कॉलेजात जाणाऱ्या मुलाला किंवा वृद्ध आईला ही सोय फार उपयोगी. मात्र बायकोच्या बाबतीत आमचे मत वेगळे आहे. तिला मुभा नको; तिचे स्वतःचे खाते आणि स्वतःचा नंबर हवा.

'संचार साथी' हे दूरसंचार खात्याचे संकेतस्थळ २०२३ च्या मे महिन्यात सुरू झाले. आपल्या नावावर किती मोबाइल जोडण्या आहेत हे तेथे पाहता येते आणि आपण न घेतलेली जोडणी आढळली तर कळवता येते. फोन हरवला किंवा चोरीस गेला, तर पोलिसांत तक्रार देऊन तो देशभर बंद पाडण्याची सोयही तेथेच आहे. या सोयीची पहिली चाचणी २०१९ साली महाराष्ट्रातच झाली होती. त्यासाठी फोनचा पंधरा आकडी आयएमईआय क्रमांक लागतो. स्टार, हॅश, शून्य, सहा, हॅश ही बटणे दाबली की तो दिसतो. पण फोन गेल्यावर दाबणार कशावर? म्हणून तो आजच उतरून ठेवावा. फोनच्या खोक्यावरही तो असतो. तेव्हा दिवाळीच्या साफसफाईत ते खोके रद्दीत देऊ नये.

एक इशारा. सरकारी संकेतस्थळाचा पत्ता बहुधा 'जीओव्ही डॉट इन' असा संपतो. तो पाहूनच पुढे जावे. इंटरनेटवर शोधून सापडलेला 'ग्राहक सेवा' नंबर खरा असतोच असे नाही. तो बिलावरून किंवा बँकेच्या पासबुकावरून घ्यावा. आणि फसवणुकीत पैसे गेले, तर लाजेने गप्प न बसता तत्क्षणी १९३० या क्रमांकावर फोन करावा. जितका उशीर, तितके पैसे दूर जातात.

बोलायला नको वाटणारी गोष्ट

सणासुदीच्या अंकात हा विषय कशाला, असे कोणी म्हणेल. पण घरची माणसे एकत्र येतात ती सणालाच. म्हणून येथेच लिहितो. जुडगा ज्याच्या खिशात, तो माणूस आजारी पडून दवाखान्यात असला किंवा अचानक निघून गेला, तर मागे राहिलेल्यांचे काय? दुःख तर असतेच. त्यात कोणत्या बँकेत काय आहे हे ठाऊक नाही, फोन उघडत नाही आणि तेराव्याच्या आतच विजेचे बिल दारात.

ही अवस्था विरळ नाही. दहा वर्षे कोणी हात न लावलेल्या बँकठेवी रिझर्व्ह बँकेच्या एका निधीत जमा होतात. मार्च २०२४ अखेर या निधीत ७८,२१३ कोटी रुपये होते. हा पैसा काही सगळाच धनिकांचा नव्हे. कोणाच्या तरी वडिलांनी काटकसर करून ठेवलेली आणि घरात सांगायची राहून गेलेली ठेवही त्यात आहे. अशा ठेवी शोधण्यासाठी रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२३ मध्ये 'उद्गम' हे संकेतस्थळ काढले. आपला नंबर नोंदवायचा, खातेदाराचे नाव, बँक आणि पॅन किंवा जन्मतारखेसारखी एखादी खूण द्यायची, की ठेव आहे किंवा नाही ते कळते. पैसे मात्र संबंधित बँकेत कागदपत्रे देऊनच मिळतात.

ही वेळ येऊच नये म्हणून नॉमिनीचे नाव घालावे. १ नोव्हेंबर २०२५ पासून एका बँक खात्याला चार नॉमिनी ठेवता येतात. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. पैसे स्वीकारून ते वारसांपर्यंत पोचविणारा विश्वस्त होय. पण त्याचे नाव असले की बँकेतील हेलपाटे पुष्कळ वाचतात. लग्नाआधी उघडलेल्या खात्यावर अजून आईचेच नाव आहे का, किंवा नावाची जागा कोरीच आहे का, ते एकदा पाहावे.

फोटो आणि पत्रव्यवहाराचेही तसेच. गूगलमध्ये २०१३ पासून अशी सोय आहे, की आपण ठरवू तितके महिने खाते वापरले गेले नाही तर आपण नेमलेल्या माणसाला कळवले जावे आणि निवडलेल्या गोष्टी त्याला मिळाव्यात. ॲपलच्या फोनवर अशी सोय २०२१ च्या अखेरीस आली. नातवंडांचे पंधरा वर्षांचे फोटो एका विसरलेल्या पासवर्डापायी कायमचे बंद व्हावेत, याहून वाईट काय?

आणि गेलेल्या माणसाचा मोबाइल नंबर घाईने बंद करू नये. बंद झालेला नंबर किमान ९० दिवस दुसऱ्या कोणाला देत नाहीत. त्यानंतर मात्र तो परक्याच्या हाती जाऊ शकतो. बँक, विमा, गॅस अशा सर्व ठिकाणी कळवून झाल्यावरच तो सोडावा. जिवंतपणी नंबर बदलणाऱ्यांनाही हाच नियम लागू आहे.

एक वही आणि एक तास

मग काय, सर्वांनी सर्वांचे पिन पाठ करायचे? मुळीच नाही. पिन आणि ओटीपी ज्याचा त्याचाच. नवरा-बायकोतही तो फिरवू नये. दुसऱ्याची किल्ली मागून घेणे वेगळे आणि आपली स्वतःची किल्ली असणे वेगळे. घरातील प्रत्येक जाणत्या माणसाचा स्वतःचा नंबर असावा आणि आधारला तोच जोडलेला असावा. साऱ्या कुटुंबाचे आधार एकाच नंबरला जोडलेले असतील तर आधार सेवा केंद्रात जाऊन ते बदलून घेता येते. टीव्ही, कुलूप, राउटर या घराच्या वस्तूंच्या किल्ल्या मात्र घराच्या असाव्यात.

यासाठी दोनशे पानी वही पुरे. तिच्यात लिहावे: कोणत्या बँकेत खाते, कोणती विमा पॉलिसी, नॉमिनी कोण; विजेचा आणि गॅसचा ग्राहक क्रमांक; प्रत्येक फोनचा आयएमईआय; कोणती वस्तू कधी घेतली, हमी कधी संपते, दुरुस्तीला कोणाला बोलवायचे. पिन लिहू नये. ही वही कोठे आहे हे घरातील निदान दोघांना माहीत असावे, आणि दोघांनाही ती वाचता यावी अशा अक्षरात लिहावी!

पाडव्याला ओवाळणी झाली, की तासभर घरातील सगळी मंडळी एकत्र बसा. ज्याच्या खिशात जुडगा आहे त्याने सांगावे आणि इतरांनी स्वतःच्या हाताने करून पाहावे. "मी करून देतो" असे म्हणून कोणी फोन हिसकावून घेऊ नये, एवढीच अट. आजीने स्वतः विजेचे बिल भरले आणि आजोबांनी कोणाला न विचारता सामना लावला, तर त्या दिवशी घरात आलेली ही सर्वांत उपयोगी नवी वस्तू समजावी.

वाचकांना आणि त्यांच्या घरच्या सर्व लहानथोरांना ही दिवाळी सुखाची जावो.