मन उडालेल्या खेळाडूला दावं लावू नका

प्रति,
व्यवस्थापक मंडळ,
मुंबई सिटी फुटबॉल क्लब, मुंबई.

विषय : क्लब सोडू पाहणाऱ्या बिनीच्या खेळाडूंबाबत.

महोदय,

मी मुरबाड तालुक्यातल्या एका शाळेत मुलांना खेळ शिकवतो आणि जमेल तेव्हा तुमचा सामना बघायला अंधेरीला येतो. मुरबाडला रेल्वे नाही. एसटीने कल्याण गाठायचं, तिथून लोकलने दादर, मग गाडी बदलून अंधेरी. शहापूरकडची दोन-चार पोरं आसनगावला गाडीत बसतात आणि कल्याणला आमची गाठ पडते. सामना सुटला की शेवटची कसारा लोकल चुकू नये म्हणून पळत सुटतो. त्या रात्री मी शहापूरला मेव्हण्याकडे झोपतो आणि सकाळच्या पहिल्या गाडीने शाळा गाठतो.

हंगाम संपत आला की परतीच्या डब्यात दरवर्षी एकच वाद रंगतो. अमका जाणार म्हणतात. त्याला जाऊ द्यावं की धरून ठेवावं? पोरांचं मत ठरलेलं असतं : करार आहे ना, मग खेळ म्हणावं गुमान. माझं मत वेगळं आहे, आणि निर्णय तुमच्या हातात असल्यामुळे ते तुम्हालाच सांगायला हे पत्र लिहितो आहे.

आमचा मूळ खेळ कबड्डी. म्हणून आधी कबड्डीचीच गोष्ट सांगतो. आमच्या मंडळात एक चढाईपटू होता. मैदानात उतरला की समोरचे सात जण मागच्या रेषेला टेकायचे. शेजारच्या गावच्या मंडळाने त्याला बोलावलं आणि त्याचं मन तिकडे गेलं. आमच्या जाणत्यांनी त्याच्या वडिलांना देवळात नेऊन शब्द घेतला : पोरगं वर्षभर इथेच खेळेल. पोरगं राहिलं. पण त्या वर्षी त्याने बोनसची रेषसुद्धा ओलांडली नाही. चढाईला जायचा, हात फिरवायचा, दम संपायच्या आत परत यायचा. त्याने मुद्दाम काही केलं नाही, एवढं मी शपथेवर सांगतो. पण धरणाऱ्यांच्या घोळक्यात शिरायला पाय लागतात तसं मनही लागतं. त्याच्याकडे बघून कोपऱ्यातली पोरंही ढिली पडली. वर्ष संपलं, तो गेला, आणि पुढे आमच्या गावच्या जत्रेलाही आला नाही. आम्ही वर्षभर जपलं ते त्याचं नाव. खेळाडू तर आधीच निघून गेला होता.

काही वर्षांनी दुसरा एक पोरगा असाच तयार झाला. त्याला कंपनीच्या संघातून नोकरीसकट बोलावणं आलं. या वेळी मंडळाने नारळ, टोपी आणि गुलाल देऊन त्याला वाटेला लावलं. आज तो दर होळीला गावी येतो, संध्याकाळी मातीत उतरतो आणि लहान पोरांना पायाचा टच कसा मारायचा ते दाखवतो. त्या मातीतून त्याच्यामागे तीन पोरं जिल्ह्याला खेळली.

तुमच्या खेळात हेच मी 2020 साली पाहिलं. एफसी गोवाने त्या हंगामात लीग विजेत्याची शील्ड जिंकली आणि एएफसी चॅम्पियन्स लीगच्या गटफेरीत जाणारा पहिला भारतीय क्लब होण्याचा मान मिळवला. त्या संघाचा प्राण होता ह्युगो बूमूस : 11 गोल, 10 गोलांना हातभार आणि हंगामाचा सर्वोत्तम खेळाडू म्हणून गोल्डन बॉल. त्याचं मन गोव्यातून उडालं. तुम्ही त्याच्या करारमुक्तीची रक्कम भरली. ती सुमारे 1 कोटी 60 लाख रुपये असल्याचं तेव्हा छापून आलं होतं. प्रशिक्षक सर्जिओ लोबेरा, मुर्तदा फॉल, अहमद जाहू आणि गोव्याच्या मातीतला मंदार राव देसाई हेही त्याच वर्षी तुमच्याकडे आले.

मार्च 2021 मध्ये उपांत्य फेरीत गोवा आणि मुंबई समोरासमोर उभे राहिले. पहिला सामना 2-2, दुसरा 0-0, आणि निकाल लागला पेनल्टीवर, 6-5. अंतिम सामन्यात फातोर्ड्याला 90 व्या मिनिटाला बिपिन सिंगचा गोल झाला आणि एटीके मोहन बागान 2-1 ने हरलं. एकाच हंगामात शील्ड आणि चषक दोन्ही आपले झाले. त्या रात्री आमच्या आळीत फटाके वाजले. पण मला आज त्या निकालाइतकंच गोव्याचं कौतुक वाटतं. बिनीचे मोहरे गेले, तरी तो क्लब रडत बसला नाही. नवा प्रशिक्षक आणला, इगोर अँगुलोला आणलं. अँगुलोने 14 गोल करून गोल्डन बूट घेतला. एप्रिलमध्ये त्याच गोव्याने आशियाच्या स्पर्धेत कतारच्या अल रय्यानला 0-0 रोखलं. बिनीचा खेळाडू गेल्यावरही क्लब ताठ उभा राहू शकतो, हे आपल्या डोळ्यांदेखत घडलं.

आणि वर्षभरातच बूमूस आपल्यालाही सोडून मोहन बागानला गेला. तेव्हा आमच्या डब्यातली पोरं त्याला गद्दार म्हणाली. मी त्यांना विचारलं, गोव्याहून आला तेव्हा तो कोण होता? येणाऱ्याला हार घालायचे आणि जाणाऱ्याला शिव्या द्यायच्या, हा न्याय नव्हे.

तरीही मन उडालेला प्रत्येक जण लगेच सोडावा, असं माझं म्हणणं नाही. आधी मन का उडालं ते विचारलं पाहिजे. 2013 साली लिव्हरपूलच्या लुइस सुआरेझला आर्सेनलला जायचं होतं. आर्सेनलने 4 कोटी आणि वर 1 पौंड इतकी बोली लावली. लिव्हरपूलने नकार दिला, पण त्याच्याशी बोलणं तोडलं नाही. डिसेंबरात त्याच्याशी नवा करार केला. त्या हंगामात सुआरेझने लीगमध्ये 31 गोल केले, संघ दुसरा आला, आणि पुढच्या उन्हाळ्यात त्याला बार्सिलोनाला जाऊ दिलं. त्याच क्लबने 2017 च्या ऑगस्टमध्ये फिलिप कुटिन्योलाही अडवलं होतं. पण त्याचं मन वळत नाही हे दिसल्यावर जानेवारी 2018 मध्ये विक्रमी किंमत घेऊन त्याला सोडलं. त्याच महिन्यात व्हर्जिल व्हॅन डाइक लिव्हरपूलमध्ये दाखल झाला होता. उन्हाळ्यात गोलरक्षक अलिसन आला. जून 2019 मध्ये त्यांनी युरोपचा सर्वांत मोठा चषक उचलला. क्लब एकच, निर्णय दोन वेगळे, आणि दोन्ही बरोबर ठरले. कारण दोन्ही वेळा त्यांनी समोरच्या माणसाकडे बघून निर्णय घेतला.

आपल्याकडे तर अस्वस्थतेची कारणं खेळाडूच्या हाताबाहेरची असतात. इंडियन सुपर लीगचा (आयएसएल) 2025-26 चा हंगाम ठरल्या वेळी सुरूच झाला नाही. फेडरेशन आणि लीग चालवणाऱ्यांमधला करार संपत आला होता आणि पुढचं कुणालाच ठाऊक नव्हतं. खेळाडूची उमेदीची वर्षं दहा-बाराच असतात. त्यातलं एक वर्ष असं हवेत लटकलं तर कोणाचं मन थाऱ्यावर राहील? घरी आईवडील आहेत, भावंडांची शिक्षणं आहेत. अशा खेळाडूने दुसरीकडे पाहिलं म्हणजे त्याची निष्ठा गेली असं नाही. त्याला खात्री हवी असते. ती देता आली तर द्या, त्याच्यासमोर बसून बोला, तो राहील. खात्री दिल्यावरही त्याचं मन इथे लागत नसेल, तर मात्र दावं सोडा.

आणि ते वेळेवर सोडा. 1995 साली बोसमन खटल्याचा निकाल लागला, आणि करार संपलेला खेळाडू एक पैसाही न देता नव्या क्लबात जाऊ शकतो हे पक्कं झालं. शेवटचे सहा महिने उरले की तो दुसऱ्याशी बोलणी करायला मोकळा असतो. म्हणून करार संपायला वर्ष उरलेलं असतानाच निर्णय व्हायला हवा. त्यानंतर हातात ना खेळाडू राहतो, ना मोबदला.

2024 चा उन्हाळा आठवा. 4 मे रोजी कोलकात्यात, भरलेल्या सॉल्ट लेकवर, आपण मोहन बागानला 3-1 ने हरवून चषक जिंकला. काही आठवड्यांतच मधल्या फळीचा कणा असलेला अपुइया त्याच मोहन बागानला गेला. राहुल भेके, अल्बर्टो नोगेरा, होर्हे दियास हे तिघे बंगळुरूला गेले. पुढच्या हंगामात मोहन बागानने शील्ड आणि चषक दोन्ही घेतले. आपण कसेबसे सहावे आलो आणि बाद फेरीत बंगळुरूकडून 5-0 ने हरलो. ते गेले याचं दुःख मी करत नाही. त्यांच्या जागी कोण उभं राहणार, याचं उत्तर मैदानावर दिसलं नाही, ही माझी खरी तक्रार आहे. खेळाडू सोडण्याचा निर्णय तेव्हाच पुरा होतो, जेव्हा त्याच्या जागेवर उभा राहणारा तयार असतो.

आता एक आमच्या तालुक्याची गोष्ट. पौषात म्हशाची जत्रा भरते, गुरांचा मोठा बाजार असतो. तिथे जुन्या रीतीने रुमालाखाली बोटं धरून भाव ठरतो. ज्याने बैल आणला आणि ज्याला घ्यायचाय, त्या दोघांनाच आकडा कळतो. भारतीय फुटबॉलमध्ये आजही बहुतेक बदल्या अशाच रुमालाखाली होतात. क्लब सांगतात, खेळाडू गेला, शुभेच्छा. किती रुपये आले आणि ते कुठे लागले, ते कळत नाही. पण खेळाडू म्हणजे बैल नव्हे. 'विकला' हा शब्दच मला खटकतो. विकला जातो तो करार. माणूस स्वतःच्या पायाने जातो. म्हणून त्या व्यवहाराचा आकडा उघड्यावर यावा. तिकीट काढून येणाऱ्याला एवढं कळण्याचा हक्क आहे.

महोदय, शहापूर आणि मुरबाड या दोन तालुक्यांना आपलं काही निघून जाणं नवं नाही. तानसाचं पाणी 1892 पासून मुंबईला जातंय. मुंबईच्या सात तलावांतला जवळपास निम्मा साठा एकट्या भातसात असतो, आणि भातसा शहापूर तालुक्यात आहे. मुरबाडकडच्या बारवीचं पाणी अंबरनाथ, बदलापूर, उल्हासनगरकडे जातं. आणि एप्रिल-मे आला की शहापूरच्या पाड्यांवर टँकरची वाट बघत हंडे रांगेत लागतात. पाणी खाली वाहणारच आणि शहराला ते लागणारच, हे आमच्या बायाबापड्याही समजून आहेत. त्यांच्या मनाला लागतं ते एवढंच, की इतकं देऊन उगमाकडे फिरून काही आलं नाही.

खेळाडूचंही तसंच आहे. तो कुठल्या तरी मातीतून येतो आणि वर जात राहतो. आंतरराष्ट्रीय फुटबॉलने हे ओळखलंय. फिफाच्या नियमानुसार करार चालू असताना खेळाडूची दुसऱ्या देशात बदली झाली, तर मोबदल्याचे 5 टक्के त्याला 12 ते 23 या वयात घडवणाऱ्या क्लबांना वाटायचे असतात. 1 कोटीची बदली असेल तर 12 ते 15 वयातल्या प्रत्येक वर्षासाठी 25 हजार, आणि पुढच्या प्रत्येक वर्षासाठी 50 हजार रुपये. ज्या मैदानाने त्याला पहिला चेंडू दिला, त्या मैदानाला दोन जाळ्या, चार चेंडू, एखादा प्रशिक्षक परवडतो. पण करार संपून खेळाडू फुकट गेला, तर हा वाटाही बुडतो. उशीर करणारा क्लब स्वतःचं नुकसान करतोच, पण त्या पहिल्या मैदानाच्याही तोंडचा घास काढून घेतो.

म्हणून माझी विनंती अशी आहे. खेळाडू अस्वस्थ दिसला की आधी त्याच्यासमोर बसा. कारण मिटण्याजोगं असेल तर मिटवा. मन उडालंच असेल, तर कराराचं शेवटचं वर्ष लागायच्या आत सोडा, पूर्ण मोबदला घ्या आणि आकडा सांगा. जाताना त्याला अंधेरीच्या मैदानात आमच्यासमोर उभं करा. आम्ही टाळ्या वाजवू, मी पोरांना तसं शिकवलंय. आणि त्या मोबदल्यातला ठरलेला हिस्सा, समजा दहावा भाग, उगमाकडे वळवा : शहापूर, मुरबाड, जव्हार, मोखाडा अशा तालुक्यांतल्या मैदानांकडे आणि तिथे शिकवणाऱ्या माणसांकडे. फिफाचा नियम देशाबाहेरच्या बदल्यांसाठी आहे. देशातल्या देशात त्याहून पुढे जायला तुम्हाला कोणी अडवत नाही.

आमच्या शाळेमागे मैदान आहे. एका अंगाला उतार आहे, आणि पावसाळा संपला की जमिनीतून दगड वर येतात. पोरं बांबूचे खांब रोवून गोल करतात आणि शिवलेला चेंडू फाटेस्तोवर खेळतात. त्यांतली दोन पोरं अशी आहेत की चेंडू पायाशी आला की मान वर करून आधी पुढे बघतात. हे मी त्यांना शिकवलेलं नाही. पुढचा खेळाडू तुम्हाला सोडून जाईल, तेव्हा त्याच्या पैशातून एक माणूस आमच्याकडे पाठवा. दगड आम्ही उन्हाळ्यातच वेचून ठेवतो.

आपला,
मुरबाडचा एक खेळशिक्षक