गल्लीची बैठक लावा : वडगावकरांना जाहीर आवाहन



मागणी आधी सांगतो, कारणं मागाहून. आपल्या गल्लीतल्या किंवा कॉलनीतल्या प्रत्येक घरातलं एक तरी माणूस महिन्यातून एकदा, तासभर, एका जागी बसावं. देवळात बसा, तालमीत बसा, कुणाच्या अंगणात बसा. अध्यक्ष नको, हारतुरे नकोत, फ्लेक्स तर मुळीच नको. एक वही, एक पेन आणि चहा एवढ्यावर भागतं.

वडगावात माणसं जमत नाहीत, असं कुणी म्हणू नये. गणपतीला जमतात, जोतिबाला जायचं म्हटलं की जमतात, कुणाकडे मयत झालं तर न बोलावता जमतात. भिशी आहे, बचत गट आहेत, मंडळांना तोटा नाही. पण गटार तुंबलं की हीच माणसं वेगवेगळी होतात. प्रत्येक जण आपापल्या ओळखीच्या नगरसेवकाला फोन लावतो, ज्याची ओळख दांडगी त्याच्या दारापुढचं गटार आधी निघतं आणि बाकीचे दार लावून घेतात.

नळाचं बघा. पाणी कमी दाबानं आलं की पहिलं घर मोटर लावतं. ते बघून दुसरं लावतं, मग तिसरं. गल्लीच्या टोकाच्या घरात नळ नुसता फुसफुसतो. त्या घरची बाई घागर घेऊन चार घरं मागे येते आणि ज्यांनी मोटर लावली त्यांच्याकडेच पाणी मागते. मोटर लावणारा काही वाईट माणूस नाही. शेजाऱ्यानं लावली म्हणून त्यानं लावली. आपण एकटे थांबलो तर आपणच कोरडे राहू, ही त्याची भीती खरी आहे. ही भीती नोटिशीनं जात नाही आणि दंडानंही फार दिवस दबत नाही. पहिला अर्धा तास कुणीच मोटर लावायची नाही, असं सगळ्यांनी एकमेकांच्या तोंडावर ठरवलं तरच ती जाते. ते ठरवायला आपल्याला आज जागाच नाही. व्हॉट्सॲपचा ग्रुप आहे म्हणाल, पण तिथं सकाळी फुलं येतात आणि संध्याकाळी भांडणं. मोटरीचा विषय निघाला की दोघं जण ग्रुप सोडतात.

आता कायद्याचं थोडं. शेजारच्या अंबपचा, मिणच्याचा किंवा भादोल्याचा मतदार ग्रामसभेत उभा राहून सरपंचाला विचारू शकतो की या कामाचे पैसे कुठं गेले. सरपंचाला उत्तर द्यावं लागतं आणि ते कागदावर येतं. वडगावचा मतदार त्यांच्यापेक्षा जास्त कर भरतो, पण आपली नगरपालिका असल्यामुळे त्याला ग्रामसभा नाही. सभागृहात नगरसेवक बोलणार आणि आपण वर्तमानपत्रात वाचणार. ही उणीव भरून काढण्यासाठी राज्यानं २००९ साली महानगरपालिका आणि नगरपालिकांच्या कायद्यात दुरुस्ती केली. ती ‘नगरराज’ या नावानं ओळखली जाते. एका किंवा काही मतदान केंद्रांच्या हद्दीतले सगळे मतदार मिळून क्षेत्रसभा, अशी ती तरतूद आहे. पंधरा वर्षं उलटून गेली तरी महाराष्ट्रातल्या बहुतेक शहरांत ती कागदावरच राहिली. देणाऱ्यांना घाई नव्हती हे खरं, पण मागणारेही फारसे पुढे आले नाहीत. मधल्या काळात निवडणुका लांबल्या आणि राज्यातल्या बहुतेक नगरपालिकांवर अनेक वर्षं प्रशासक बसले, तेव्हा तर फोन लावायला नगरसेवकही उरला नाही. ज्या गल्लीला आपसात बोलायची सवय नव्हती, तिची पंचाईत तेव्हा जास्त झाली.

म्हणून क्षेत्रसभा आपण मागायचीच. पण ती येईपर्यंत गल्लीची बैठक घ्यायला कुणाची परवानगी लागत नाही.

यातून काय निघतं, असं विचाराल तर भिवंडीचं उदाहरण सांगावं लागेल. १९७० आणि १९८४ च्या दंगलींनी होरपळलेलं ते यंत्रमागांचं गाव. १९८८ च्या सुमारास तिथं पोलीस उपायुक्त म्हणून आलेल्या सुरेश खोपडे यांनी मोहल्ल्यामोहल्ल्यात समित्या उभ्या केल्या. त्यांत दोन्ही समाजांची साधी माणसं होती, पुढारी नव्हे. सुरुवातीला दंगलीवर बोलणं कमी आणि नळ, गटार, शेजाऱ्यांची भांडणं यांवरच जास्त होतं. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये मुंबई जळत होती, तेव्हा तिच्या शेजारची भिवंडी शांत राहिली. आपल्याला भिवंडी लांबची वाटेल, पण जून २०२३ मध्ये मोबाइलवरच्या स्टेटसवरून कोल्हापूर शहरात दगडफेक झाली आणि इंटरनेट बंद करावं लागलं, ते तर आपल्या दारातलंच. कुणाच्या पोरानं काय स्टेटस ठेवलं हे त्याच्या बापाला शेजाऱ्यानं घरी जाऊन सांगायला पाहिजे. त्यासाठी आधी त्या घरी येणं-जाणं पाहिजे.

दुसरं उदाहरण कराडचं, महामार्गानं तासाभराच्या वाटेवरचं. २०२० च्या स्वच्छ सर्वेक्षणात एक लाखाच्या आतल्या शहरांत कराड देशात पहिलं आलं. ओला आणि सुका कचरा घरातच वेगळा झाल्याशिवाय असा नंबर येत नाही, आणि घरातलं काम कुठल्याच नगरपालिकेचा कर्मचारी येऊन करत नाही. जनगणनेप्रमाणे २०११ साली आपलं गाव पंचवीस हजारांच्या घरात होतं. एवढ्या गावाला हे जमणार नाही, असं मानायचं कारण नाही. सोमवारच्या बाजारानंतर दुसऱ्या दिवशी पेठेत जे पडलेलं असतं, त्याच्याबद्दल व्यापारी आणि राहणारे एकत्र बसून बोलले, असं कधी ऐकलंय का?

नव्या कॉलन्यांतल्या मंडळींना वेगळी विनंती. जुन्या गल्लीत निदान एकमेकांची नावं माहीत असतात. कॉलनीत प्लॉट पाडून वीस-वीस वर्षं झाली तरी कित्येक घरं एकमेकांना गाडीच्या रंगावरून ओळखतात. सकाळी शिरोली एमआयडीसीला किंवा कोल्हापूरला गेलेला माणूस रात्री येतो, दमलेला असतो, त्याला दोष देता येत नाही. पण कॉलनीच्या आराखड्यातली खुली जागा नक्की कुठं आहे आणि आज तिथं काय उभं आहे, हे बघायला तरी एकदा एकत्र या. एकट्यानं विचारलं की वैर होतं. सगळ्यांनी विचारलं की उत्तर मिळतं.

बैठकीला घरमालकच यावेत असं नाही. भाडेकरू यावेत, गल्लीत खोली घेऊन राहणारे परराज्यातले कामगारही यावेत. आणि बायका आल्याच पाहिजेत, नुसत्या चहा घेऊन नव्हे. नळाला पाणी किती वाजता आलं आणि किती वेळ टिकलं हे त्यांनाच माहीत असतं, आणि ते माहीत नसलेले पुरुषच त्यावर तासभर बोलतात.

‘यात राजकारण शिरेल,’ हा आक्षेप बरोबर आहे. ते शिरणारच. वडगावात चहाच्या टपरीवर कोण कुठल्या बाकावर बसतो यावरून गट कळतो. त्यावर उपाय एवढाच की बैठकीत पक्षाचं किंवा आघाडीचं नाव घेणाऱ्यानं पुढच्या महिन्याचा चहा पाजायचा. ‘नगरपालिकेचं काम आम्ही का करायचं?’ असंही काही जण विचारतील. ते करायचंच नाही, तिच्याकडून करून घ्यायचं आहे. एका माणसाची तक्रार टेबलावर पडून राहते. चाळीस घरांच्या सह्यांचा अर्ज पडून राहायला अवघड जातो.

पहिल्या बैठकीत एकच विषय घ्या, फार तर दोन. आधी वही भरा. गल्लीत घरं किती, एकटे राहणारे म्हातारे कुठल्या घरात आहेत, त्यांच्या मुलांचे फोन कुणाकडे आहेत, रात्री-अपरात्री गाडी काढू शकेल असं कोण आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये आणि पुन्हा जुलै २०२१ मध्ये पंचगंगा धोक्याची ४३ फुटांची पातळी ओलांडून ५५ फुटांच्याही वर गेली. शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली गेला आणि कोल्हापूरची वाट बंद झाली. डायलिसिससारख्या उपचारांसाठी कोल्हापूरला जाणारे लोक आपल्या गावात आहेत. पुढच्या वेळी वाट बंद झाली तर त्यांना कोण, कुठं नेणार, हे पावसाच्या आधी वहीत असलेलं बरं.

धनाजी जाधवांची समाधी आपल्या गावात आहे. १७३१ च्या वारणेच्या तहात वडगावचं ठाणं पाडायचं कलम होतं, एवढं हे ठाणं कुणाच्या तरी डोळ्यांवर आलेलं होतं. याचा अभिमान आम्हालाही आहे. पण समाधीकडे जाणाऱ्या रस्त्यावरचा दिवा बंद असेल, तर तोही त्या वहीत लिहा.

बैठक सोमवारी ठेवू नका, बाजारामुळे कुणी मोकळं नसतं. रात्री साडेआठची वेळ बरी, जेवणं उरकलेली असतात. वर्गणी काढू नका. पैसा आला की हिशेब येतो, हिशेब आला की संशय येतो, आणि ते सगळं पहिल्या वर्षी नको. जे ठरलं ते चार ओळींत लिहा, हजर असलेल्यांच्या सह्या घ्या. त्याची एक प्रत नगरपालिकेत मुख्याधिकाऱ्यांच्या नावे द्या, दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांकासह शिक्का मारून पोच घ्या आणि ती वहीतच चिकटवून ठेवा.

आपले,
वडगावचे काही रहिवासी