फॉरवर्डची मात्रा

आषाढी वारीत माउलींची पालखी नातेपुत्याला मुक्कामी येते, तेव्हा गावात गावकऱ्यांपेक्षा अनोळखी माणसेच जास्त असतात. त्यांना कुणी ओळखपत्र मागत नाही. ओसरी मोकळी करून दिली जाते, भाकरी वाढली जाते.

याच सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढा भागातले, पोटासाठी गावोगाव फिरणारे नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे लोक १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यात राईनपाड्याच्या बाजारात पोचले. मुले पळवणारी टोळी समजून जमावाने पाच जणांना ठार मारले. त्या मारहाणीचे व्हिडिओही पुन्हा मोबाइलवरच फिरले.

त्या दिवसांत देशभर फिरलेली एक चित्रफीत मुळात कराचीतल्या एका संस्थेने पालकांना सावध करण्यासाठी केली होती. तिच्या शेवटी पळवलेले मूल परत आणून सोडतात. कुणीतरी नेमका तो शेवट कापला. उरलेला तुकडा पाहून आईच्या पोटात गोळा येणारच. तिला दोष देऊन उपयोग नाही. भीती शहानिशेची वाट पाहत नाही, हा शरीराचाच धर्म आहे.

नवे औषध आणायचे तर टप्प्याटप्प्याने चाचण्या होतात. बाजारात आल्यावरही दुष्परिणामांची नोंद ठेवली जाते. त्यासाठी गाझियाबादला राष्ट्रीय केंद्र आहे. फॉरवर्डचे बटण कोट्यवधी हातांत देताना अशी एकही चाचणी सक्तीची नव्हती. व्हॉट्सॲपने भारतात एका वेळी पाचच ठिकाणी संदेश पुढे पाठवण्याची मर्यादा जाहीर केली ती जुलै २०१८ मध्ये. जगभर ती जानेवारी २०१९ मध्ये आली आणि फार फिरलेल्या संदेशांसाठी एप्रिल २०२० मध्ये एकावर उतरली. मात्रा कमी झाली, पण रुग्ण दगावल्यावर.

सरकारने २०२१ च्या नियमांत वेगळा उपाय सांगितला: आदेश आल्यावर संदेशाचा मूळ पाठवणारा शोधून द्या. कंपनी त्याविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात गेली. कंपनीचे हेतू काहीही असोत, वैद्यकाच्या नजरेतून तिच्या मुद्द्यात तथ्य आहे. एचआयव्हीचा अहवाल, गर्भपाताबद्दलची विचारणा, मानसोपचाराची चिठ्ठी हे सगळे आज याच कुलूपबंद पेटीतून जाते. एका गुन्हेगारासाठी केलेली किल्ली सगळ्यांच्याच पेट्यांना लागते. उलट, संदेश किती वेळा पुढे गेला हे मोजून त्याचा वेग कमी करायला आतला मजकूर वाचावा लागत नाही. तोच मार्ग अधिक पुढे न्यायला हवा, आणि त्यासाठी पुढच्या राईनपाड्याची वाट पाहायचे कारण नाही.

२७ नोव्हेंबर २०१८ रोजी राज्यात नऊ महिने ते पंधरा वर्षे वयाच्या मुलांसाठी गोवर-रुबेला लसीकरण मोहीम सुरू झाली. तिच्याबद्दलही नाही नाही ते संदेश फिरले, काही पालकांनी लस नाकारली. तेव्हा परिचारिका, शिक्षक, आशाताई पालकांशी पुन्हा पुन्हा बोलल्या. आज नकार देणारा बाप आठवड्याने मुलाला घेऊन येऊ शकत होता. राईनपाड्याच्या बाजारात तेवढा वेळ कुणालाच मिळाला नाही.