पोराला बुद्धिबळाच्या स्पर्धेला नेताना

वाशीमचे असा की रिसोड, कारंजा, मानोऱ्याचे. पोराला वयोगटाच्या बुद्धिबळ स्पर्धेला नेणार असाल, तर पारावरच्या सवयी आधी मोडा. पारावर उचललेला मोहरा परत ठेवता येतो आणि बघणारे चार जण चाल सुचवतात. स्पर्धेत हात लावला तो मोहरा, चाल असेल तर, हलवावाच लागतो. किल्लेकोट करताना आधी राजा धरायचा. हत्तीला आधी हात लागला तर त्या बाजूचा किल्लेकोट गेला. लहान मुलं इथंच फसतात. ज्या हातानं चाल केली त्याच हातानं घड्याळ दाबायचं. नियमात न बसणारी चाल झाली, तर नेहमीच्या लांब डावात समोरच्याला दोन मिनिटं जास्त मिळतात. पुन्हा झाली तर सहसा डावच जातो. मोबाइल तुमच्याजवळ ठेवा. वाद झाला तर मुलानं घड्याळ थांबवून पंचांना बोलवावं, तुम्ही दारातून ओरडू नये.

आणि डाव हरला तर? रेटिंग घसरलं म्हणून बसस्टँडपर्यंत बोलत सुटणारे बाप सगळ्यांनीच पाहिलेत. त्याचा काही उपयोग नाही. आपल्या विदर्भाची, नागपूरची दिव्या देशमुख घ्या. जून 2024 मध्ये गांधीनगरला 20 वर्षांखालील मुलींची जागतिक स्पर्धा तिनं 11 फेऱ्यांत 10 गुणांनी जिंकली. जुलै 2025 मध्ये बातुमीला महिला विश्वचषकाच्या अंतिम लढतीत समोर होती कोनेरू हंपी, वयानं दुप्पट. दोन्ही मोठे डाव बरोबरीत सुटले, मग जलद डाव झाले. शेवटच्या डावात वेळ संपत आला तेव्हा दोघींच्याही हातून चुका झाल्या. दिव्या जिंकली, 19 व्या वर्षी ग्रँडमास्टर झाली. विश्वचषकाच्या पटावर चुका होतात, तर तुमच्या नऊ वर्षांच्या पोराकडून का होऊ नयेत?

त्याच्या पोटात आधी दोन घास जाऊ द्या. मग चालींचा कागद काढून एवढंच विचारा, ‘डाव कुठं फिरला असं वाटतं?’ तुम्हाला खेळ येत नसला तरी चालेल, तो सांगेल. पण त्यासाठी चाली नीट लिहिलेल्या हव्यात. म्हणून नाव नोंदवण्याआधी तीन-चार रविवार घरीच घड्याळ लावून, चाली लिहून पूर्ण डाव खेळवा. बुद्धिबळाचं घड्याळ मोबाइलवर फुकट मिळतं.